भिंतीवरचा कागद

राहुरी तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या भिंती पांढऱ्या मातीच्या आहेत. त्यांवर शहरी थाटाचा वॉलपेपर कधी लागला नाही. मात्र मातीचा भुगा अंथरुणावर पडू नये म्हणून मागच्या पिढ्यांनी कणकेच्या खळीने वर्तमानपत्रे, कॅलेंडरे आणि वेदीच्या बाजूस ‘निरोप्या’ची पाने चिकटविली. फा. हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली हे मासिक आमच्याच तालुक्यातील केंदळहून सुरू केले, त्यामुळे त्या पानांना आमच्या घरी पवित्र चित्राचा मान होता. आता त्या थरांमागे वाळवी शिरली आहे. खळ आणि कागद ही तिची मेजवानीच!

गवंड्याने सुचविले की, सगळे छिन्नीने खरवडून वर सिमेंटचा गिलावा मारावा. आम्हांस ते मानवले नाही. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंटखाली ती ओल कोंडते, माती आतून भुसभुशीत होते आणि काही पावसाळ्यांनी गिलाव्याचे पापुद्रे मातीसकट सुटतात.

म्हणून प्रथम आम्ही बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून पाहिली. जेथे ‘बद्द’ आवाज आला तेथे गिलावा भिंतीपासून सुटलेला होता व त्यास कागदानेच धरून ठेवले होते. तेथे हात लावला नाही. अन्यत्र विजेचे मुख्य बटण बंद करून, कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके हातभर जागेवर दाबून धरावयाचे. खळ पाण्याने फुगते व पकड सोडते. पण तिला दहा-पंधरा मिनिटे द्यावी लागतात, आणि घाई होते ती येथेच. सिमेंटची भिंत भरपूर पाणी सोसते, मातीची विरघळते. मग लाकडी कालथा भिंतीशी जवळजवळ आडवा धरून कागद वरून खाली सोडवावा. एका खोलीत कागदावर तैलरंग दिलेला होता. तेथे पाणी आत जाईना, तेव्हा रंगावर हलके ओरखडे काढावे लागले. उरलेली खळ पुसलीच पाहिजे, नाहीतर बुरशी धरते व चुना सुटतो.

अजिंठ्याची चित्रेही मातीच्याच गिलाव्यावर आहेत. १९२० नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी त्यांवर लाखेचे रोगण चढविले; हेतू रक्षणाचाच होता. ते पुढे पिवळे पडले आणि उतरविण्याचे नाजूक काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले. वरचा थर काढणाऱ्याने खालचा थर आधी ओळखावा लागतो, तो असा.

‘निरोप्या’ची तीन पाने अखंड निघाली, ती फडक्यावर वाळविली. चौथे मातीत रुतून बसले होते. ते ओढावे तर गिलाव्याचा पोपडा येणार, न ओढावे तर वाळवी राहणार. आमच्या थोरल्या बहिणीचे म्हणणे, आजोबांच्या हातचे पान जाऊ देऊ नये. आम्ही भिंतीची बाजू घेतली आणि पान तुकड्यातुकड्यांनी काढले. अक्कांनी ते तुकडे जुन्या प्रार्थनापुस्तकात ठेवले असून त्या विषयावर आमच्याशी अद्याप बोलत नाहीत.

उन्हाळ्यात भिंत लवकर सुकली. भेगांत भुसा घालून कुजविलेली माती भरली, वर चुन्याचे दोन हात दिले. वेदीमागचा पोकळ भाग तेवढा कागदासहित तसाच आहे. तेथला गिलावा नव्याने धरावा लागेल आणि ते काम आता पावसाळ्यानंतर.