पाठीत लोखंड

मे महिना लागला की जालन्याच्या बियाणे गोदामांत फोर्कलिफ्टला उसंत नसते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको काढली, पाठोपाठ इतर कंपन्या आल्या, आणि मृगाआधीची घाई या गावाच्या अंगवळणी पडली. कपाशीच्या पाकिटांचे खोके पॅलेटवर चढलेले असतात. फोर्कलिफ्ट आपले दोन काटे खाली घालते, काटे धरणारा उभा मास्ट जरा मागे झुकवते आणि निघते. माल जमिनीपासून वीतभरच वर. शहाणी चाल तीच.

उचलणार तीन टन, पण स्वतःचं वजन चार टनांच्या वर. त्यातलं बरंचसं पाठीमागच्या बिडाच्या ठोकळ्यात. हिशेब मोंढ्यातल्या तागडीचा: पुढच्या चाकांवर दांडी, एका पारड्यात माल, दुसऱ्यात हे लोखंड. म्हणून अंगावरच्या पाटीवर नुसतं ३००० किलो नसतं, ५०० मिलिमीटर हेही असतं. मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून जास्तीत जास्त तेवढ्याच अंतरावर हवा. काटे अर्धेच घुसवले आणि मध्य ७०० वर गेला, की तीनाचे अडीच टन होतात. काटे उंच गेले की आणखी कमी. पण पाटीवर ग्रीस बसलेलं, वाचतो कोण!

हिचं खरं बिंग मागच्या बाजूला आहे. चाकं चार, पण मागचा आस मधोमध एका खिळीवर झुलतो. म्हणजे आधार तीनच: पुढची दोन चाकं आणि ती खीळ. या त्रिकोणाबाहेर वजन गेलं की कारभार आटोपला. माल असला की वजन पुढे, रुंद बाजूला सरकतं. रिकामी असली की मागे, निमुळत्या टोकाकडे. भरलेल्या फोर्कलिफ्टला सगळे वाट देतात. मला विचाराल तर भ्यावं रिकामीला, काटे वर ठेवून चहाच्या सुट्टीकडे सुसाट वळणाऱ्या. त्यात वळतात मागची चाकं, त्यामुळे शेपूट बाहेर फेकलं जातं आणि शेजारून चालणारा सापडतो.

उतारावर भरलेली असली तर रिव्हर्समध्येच उतरवायची. कलंडलीच तर उडी मारायची नाही. डोक्यावरचा लोखंडी सांगाडा उडी मारणाऱ्यावरच येतो. पट्टा बांधलेला, स्टिअरिंग घट्ट धरलेलं, अंग पडत्या बाजूच्या उलट.

काम संपलं की काटे जमिनीला, हँडब्रेक वर, चावी खिशात. चावी राहिली तर एखादा हौशी गडी ‘जरा बाजूला घेतो’ म्हणत चढतोच.