सिलोसला ऐकलेलं

मुलगा माद्रिदला नोकरीला, म्हणून आमचं स्पेन पाहणं झालं. राजवाडे, चित्रं सगळं पाहिलं; पण सौसरच्या बायका विचारतात तेव्हा मी सिलोसचंच सांगते. बुर्गोस शहराच्या दक्षिणेला हे लहानसं गाव. तिथं बेनेडिक्ट पंथाच्या साधूंचा जुना मठ आहे. १९९४ साली त्यांच्या गाण्याच्या सीडी जगभर लाखोंनी खपल्या होत्या.

संध्याकाळच्या प्रार्थनेला आम्ही मागच्या बाकावर बसलो. (उन्हाळ्यात तिथं सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे माझ्या जेवणाची कोणाला चिंता नव्हती!) काळ्या झग्यातले साधू समोरासमोर दोन रांगांत. एक ओळ इकडच्यांनी म्हणायची, पुढची तिकडच्यांनी. ठेका नाही. सगळ्यांचा एकच सूर, कोणी वर चढून दाखवत नाही. ओळीच्या मधोमध सगळे मिळून थांबतात, श्वास घेतात, मग उरलेली अर्धी. त्या थांबण्यातच मला बाबा आठवले. पांढुर्ण्याच्या घरी पहाटे ते भक्तामर म्हणत, अठ्ठेचाळीसही श्लोक, पुस्तक न उघडता. असेच अर्ध्यावर थांबत.

या गाण्याला सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरींचं नाव आहे. जाणकारांच्या मते ते घडलं त्यांच्यानंतर दीडदोनशे वर्षांनी. घडवणारे बहुतेक अनामच.

बाहेर आल्यावर सूनबाई म्हणाली, “आई, यातलं तुम्हाला काही कळलं?”

“एक शब्दही नाही. लॅटिन ना ते!”

“मग डोळ्यांत पाणी कशाचं?”

प्रश्न साधा नव्हता. नातीला णमोकार शिकवण्यावरून आमचं आठवडाभर चाललं होतं. न कळणारं पोरीकडून घोकून घेऊ नका, हे तिचं म्हणणं. ते खोटं कसं म्हणू? १९६२ ते ६५ च्या व्हॅटिकन परिषदेत पाद्र्यांनीही हाच विचार केला, लोकांच्या भाषेत प्रार्थनेला वाट दिली. त्यानंतर गावोगावच्या चर्चमधून लॅटिन मागे पडलं, अशा मठांत राहिलं. पण कळलं तेवढंच आपलं, हे माझ्या मनाला पटत नाही. बाबांना तरी सगळं संस्कृत कुठं येत होतं?

शेवटी पाच ओळी मी नातीला शिकवल्या, अर्थासकट, सूनबाईच्या देखत. ती ‘ण’चा ‘न’ करते. तसा तर आमच्याकडची हिंदी शाळेतली मुलंही करतात. रविवारी फोनवर म्हणून दाखवते, मी ऐकून घेते.