टॅपेट माझे, पुशरॉड मिस्त्रींचे

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे पुशरॉड मालकानं घरीच बदलावेत, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. मित्रांना सांगितलं, जुनी गाडी नव्यानं घेणाऱ्या पोरांना सांगितलं, काहींच्या अंगणात बसून काम करूनही दाखवलं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. हे काम मिस्त्रींकडे न्यावं, मजुरी पूर्ण द्यावी आणि जमेल तर काम चालू असताना शेजारी बसावं, असं मी आता म्हणतो. ज्यांना आधी उलटं सांगितलं, त्यांना हे मत का बदललं ते सांगणं भाग आहे.

आधीच्या मतालाही आधार होता. 346 सीसीचं ते इंजिन, बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90, उघडून बघणाऱ्याला घाबरवत नाही. कॅम खाली, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि दोघांना जोडणारे दोन लांब, सडपातळ पुशरॉड बॅरलमधल्या बोगद्यातून वर गेलेले. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट रॉडला, रॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्व्ह दाबून उघडतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1500 वेळा उघडतो. तो सगळा भार या दोन रॉडवर असतो. विहिरीवरच्या ऑइल इंजिनात हीच रचना, अॅम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनातही हीच. आपल्याकडच्या कितीतरी लोकांनी इंजिन म्हणजे काय ते याच रचनेवर शिकून घेतलं.

रॉड काढणंही तसं अवघड नाही. टाकी उतरवायची, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात आणि रॉडवर स्प्रिंगचा ताण राहत नाही. मग रॉकरची झाकणं आणि रॉकर काढले की रॉड वरून हातात येतो. हेडला हात लावावा लागत नाही. मी हे घरी केलं, ते नीट झालं, गाडी उत्तम चालली. त्यातच एका गॅरेजमध्ये रॉकरचे नट इतके आवळले होते की हेडमधले आटे गेले. तेव्हापासून ‘आपला हात जगन्नाथ’ हे माझं पक्कं धोरण झालं.

मत बदललं ते कोल्हापूरच्या उद्यमनगर भागात, एका मित्राच्या गाडीपायी. टॅपेटचा आवाज वाढला होता आणि गाडी ओढत नव्हती. आम्ही टॅपेटचं झाकण उघडलं तर एक्झॉस्टच्या रॉडला भलतीच ढिलाई. रॉड वाकला की त्याची लांबी कमी पडते, व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही, आणि ही दोन्ही लक्षणं दिसतात. नवा रॉड आणून घरीच टाकू, असं मी म्हटलं. मित्राला मात्र त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनच्या मिस्त्रींकडे जायचं होतं. मी सोबत गेलो.

मिस्त्रींनी रॉड बाहेर काढला आणि काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानं लोटला. सरळ रॉड एका लयीत गडगडत जातो. हा अडखळत, उड्या मारत गेला. मग त्यांनी दोन्ही टोकांचे पोलादी भाग पुसून उजेडात धरले, नखानं चाचपले. मी नवा रॉड पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. मित्राला विचारलं, “गाडी किती दिस उभी हुती?”

पावसाळाभर उभी होती.

“रॉड आपनहून वाकत न्हाई सायेब,” ते मला म्हणाले. “त्येला कुनीतरी वाकवतंय.”

त्यांनी हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी गाईडमध्ये जाम होती. गाडी थांबली तेव्हा तो व्हॉल्व्ह थोडा उघडा राहिला असणार. सायलेन्सरमधून ओल आत गेली, दांडीवर गंज धरला, त्यात जुन्या काजळीची भर. पुढे किक मारली तेव्हा कॅम आपलं काम करत राहिला, व्हॉल्व्ह मात्र हलेना, आणि मधल्या मधे रॉड वाकला. त्यांनी दांडी साफ केली, गाईडमधून रीमर फिरवला, व्हॉल्व्ह बोटानं खाली-वर सहज सरकतो हे मित्राला स्वतः करून बघायला लावलं. नवा रॉड सगळ्यात शेवटी बसला, आणि तो बसवायला लागलेला वेळ एकूण कामाचा अगदी छोटा भाग होता.

घरी काम केलं असतं तर नवा रॉडही त्याच वाटेनं गेला असता. पण माझा विचार पालटायला हे एक उदाहरण पुरलं नसतं. पालटला तो त्या प्रश्नामुळे. गाडी किती दिवस उभी होती, हे विचारायचं मिस्त्रींना सुचलं, कारण पावसाळ्यानंतर अशा गाड्या त्यांच्याकडे दरवर्षी येतात. माझं ज्ञान मुख्यतः माझ्या एका इंजिनाचं. ते इंजिन मला पाठ आहे, पण तुलना करायला माझ्याकडे फारशी दुसरी नाहीत. रॉडच्या टोकाची झीज नेहमीची की तेल कमी पोचल्याची, हे शेकडो टोकं पाहिलेल्या डोळ्याला कळतं. पुस्तकात वाचून ती नजर येत नाही. रॉड बदलायला पाने पुरतात, पण तो का बदलावा लागला याचं उत्तर पान्यांजवळ नसतं. मजुरी त्या उत्तराची असते.

दुसरं कारण मला अधिक टोचतं. कास्ट आयर्न इंजिनं 2010 च्या सुमारास बंद झाली. त्यानंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनात पुशरॉड होते, पण टॅपेट हायड्रॉलिक. तेलाच्या दाबानं फट आपोआप भरते, त्यामुळे सेटिंगचं कामच उरलं नाही. पुढे 2020 मध्ये मीटिऑर नव्या इंजिनासह आली, आणि 2021 मध्ये क्लासिक व 2023 मध्ये बुलेट त्याच इंजिनावर गेली. त्यात कॅमच वर हेडमध्ये आहे, पुशरॉड नाहीच. आज गॅरेजमध्ये शिकायला येणारं पोरगं फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर शिकणार, आणि ते बरोबरच आहे. मग आपल्या जुन्या गाड्यांचं काम त्याच्या हाताखालून जायचं कसं? आम्ही हौशी मालकांनी सोपी कामं घरी करायची आणि सगळं हाताबाहेर गेलं की मिस्त्रींच्या दारात जायचं, हा व्यवहार त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. गॅरेजचं भाडं सोप्या कामांवर निघतं, नवा कारागीरही सोप्या कामांवरच तयार होतो. ती कामं मिळाली नाहीत तर मिस्त्री या इंजिनांचे पार्ट ठेवणं बंद करतील, आणि त्यांचा दोष काढायला आपल्याला तोंड राहणार नाही.

टॅपेट सेटिंग मात्र मी घरीच करतो आणि प्रत्येक मालकानं ते शिकावं असं आजही म्हणतो. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन वर, उजवीकडच्या झाकणाचा एकच नट काढायचा. पातळ पान्यांनी लॉकनट सैल करून रॉड असा लावायचा की दोन बोटांनी सहज फिरेल, पण खाली-वर हलणार नाही. लॉकनट आवळताना सेटिंग किंचित सरकतं, म्हणून आवळल्यावर पुन्हा फिरवून बघायचा. ही रोजची देखभाल आहे, तिनं गाडीशी ओळख राहते. सेटिंग वारंवार सुटू लागलं, आवाज परत परत येऊ लागला, की पाने खाली ठेवायचे.

मिस्त्री मात्र पारखून निवडा. गरम इंजिनावर टॅपेट सेट करणाऱ्याकडे गाडी देऊ नका. जुना पार्ट मागितल्यावर जो हातात देतो आणि त्याची झीज दाखवून समजावतो, त्याच्याकडे जा. त्याच्याशी मजुरीसाठी घासाघीस करू नका. काम शिकणारं एखादं पोरगं तिथे असेल तर त्याला आपल्या गाडीवर हात चालवू द्या. जुन्या बुलेट रस्त्यावर राहाव्यात असं वाटत असेल, तर आधी त्या दुरुस्त करणाऱ्यांचा धंदा चालला पाहिजे.