कपापर्यंतचं अंतर

बाबांचा उजवा हात मांडीवर असतो तेव्हा अगदी शांत असतो. कपाकडे निघाला की थरथरायला लागतो, आणि कप जवळ येईल तशी थरथर वाढते. शेवटी बोटं कपाच्या पलीकडे जाऊन टेबलावर आपटतात. तीस वर्षं एसटी चालवलेला हात आहे हा.

मार्चमध्ये त्यांच्या लहान मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. हाताची ताकद शाबूत आहे. मग गेलं काय? मला ते कळलं माझ्याच कामाच्या भाषेत.

डोळ्यांनी हात पाहायचा, मेंदूने चूक ओळखायची, स्नायूंना दुरुस्ती पाठवायची, या फेरीला १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. तोवर हात पुढे गेलेला असतो. म्हणजे मेंदूकडे येणारी बातमी कायम शिळी. शिळ्या बातमीवर दुरुस्त्या करत राहिलं की कुठलीही सिस्टीम हेलकावे खाते. गिझरचा नळ आठवा: गरम पाणी येईना म्हणून आणखी फिरवतो, मग चटका बसतो, मग घाईने उलटा फिरवतो.

म्हणून निरोगी मेंदू बातमीसाठी थांबत नाही. हुकूम सोडतानाच हात कुठे पोचेल याचा अंदाज बांधतो. यातलं मोठं काम लहान मेंदूचं. तो नावालाच लहान; आपल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज तिथे असतात. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, तेही या अंदाजामुळेच. बाबांचा तो अंदाज बिघडलाय.

फिजिओथेरपिस्ट मॅडम व्यायामाला दर वेळी कप वेगळ्या जागी ठेवायला सांगतात. मी वाद घातला. एकाच जागी शंभर वेळा ठेवला तर पाठ होईल की! त्या म्हणाल्या, "पाठ करून काय करणार? घरात कप रोज तिथेच असतो का?"

नंतर निकोलाय बर्नस्टाइनबद्दल वाचलं. १९२० च्या दशकात मॉस्कोत त्याने हातोडा चालवणाऱ्या कसलेल्या कामगारांच्या हातांना छोटे दिवे लावून फोटो घेतले. हातोडा दर वेळी जवळपास त्याच जागी पडत होता, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडं वेगळं चालत होतं. कसब म्हणजे घोकलेलं उत्तर नव्हे, तेच गणित दर वेळी नव्याने सोडवणं.

खरं तर मला हे आधीच कळायला हवं होतं. लहानपणी बाबांच्या केबिनमध्ये बसून वरंधा घाट उतरलोय. वळण तेच, पण कधी धुकं, कधी गाडी खच्चून भरलेली, कधी समोरून ट्रक. त्यांनी स्टिअरिंग दोनदा अगदी सारखं कधी फिरवलंच नसेल.

काल अर्धा कप पाणी भरून खिडकीत ठेवलं. दोनदा हुकले. तिसऱ्यांदा कपाचा कान बोटांत सापडला. कप तोंडापर्यंत गेला, निम्मं पाणी शर्टावर सांडलं. मी फडकं आणायला उठलो.

"फडकं राहू दे," बाबा म्हणाले. "कप दुसरीकडे ठेव."