पास घ्यावा की तिकीट?

दुबईला नोकरी करणारा माझा भाचा २०२३ च्या दिवाळीनंतर सुट्टीवर आला होता. येताना तो इस्तंबूल पाहून आला. तिथल्या म्युझियम पासचे त्याला फार कौतुक. एकदा पैसे भरले की पाच दिवस कोणत्याही दारावर तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे काम नाही, पास दाखवला की आत. मुले डोळे मोठे करून ऐकत होती. आमच्या ह्यांना मात्र ते कुठेतरी लागले असावे. म्हणाले, "त्यात काय एवढे? आपल्या एसटीचा पास १९८८ पासून आहे. आवडेल तेथे प्रवास!"

लग्नाआधी, नव्या नोकरीत असताना, ह्यांनी हा पास काढून अर्धा महाराष्ट्र पालथा घातला होता. औरंगाबाद, नाशिक, कोल्हापूर, रात्रीचा प्रवास, सकाळी स्टँडच्या नळावर तोंड धुवायचे आणि पुढची गाडी. त्या आठवणी आम्ही सगळ्यांनी अनेकदा ऐकल्या आहेत.

त्याच सुमारास अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एक गोष्ट बोलून दाखवली होती. त्यांचे बालपण सिरोंचाला गेले. त्यांचे अब्बा लाकडाच्या एका ठेकेदाराकडे मुनीम होते. अठराव्या वर्षी लग्न होऊन अम्मी चंद्रपूरला आल्या, पाठोपाठ माहेरची माणसे बल्लारपूरला आली आणि सिरोंचा सुटले ते सुटलेच. आता वय ७७. "एकदा दाखवून आणा, मग काही मागणार नाही," असे त्या म्हणाल्या. अम्मी सहसा काही मागत नाहीत, म्हणून ते सगळ्यांच्याच मनाला लागले. नाताळच्या सुट्टीला दोन किरकोळ रजा जोडायच्या आणि चार दिवस जाऊन यायचे, असे ठरले. ह्यांनी लगेच जाहीर केले, "चार दिवसांचा पास काढू. सिरोंचा होईल, भामरागड होईल, येताना नागपूरही होईल."

मी आठवीला गणितही शिकवते. त्यामुळे कागद-पेन्सिल घेतल्याशिवाय मला राहवले नाही.

त्या वेळी साध्या गाडीचा चार दिवसांचा पास ११७० रुपयांना होता, लहान मुलांचा ५८५ ला. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालते आणि तेव्हा साध्या गाडीचा एक टप्पा ८ रुपये ७० पैशांचा होता. ११७० ला ८.७० ने भागले की साधारण १३४ टप्पे येतात, म्हणजे आठशे किलोमीटरच्या थोडे वर. चार दिवसांत आठशे, रोज दोनशे. तेवढे फिरलात तर पासचे पैसे वसूल, त्यापुढचे फुकट. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत आलापल्ली सुमारे १२० किलोमीटर. तिथून सिरोंचा सुमारे १००. जाऊन-येऊन ४४०. तिकीट काढले तर माणशी साडेसहाशेच्या आसपास.

पण खरी गंमत पुढेच होती. माणशी म्हणजे कोणत्या माणशी? १७ मार्च २०२३ पासून एसटीत सर्व महिलांना निम्मे भाडे आहे. म्हणजे मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी, दोघी निम्म्यात. मुलगा अकरा वर्षांचा, बारा पूर्ण होईपर्यंत त्याचेही अर्धे तिकीट. अम्मींचे वय ७५ च्या वर, त्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. आधार कार्ड दाखवायचे, कंडक्टर शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो. पासला मात्र महिलांची सवलत नाही. ११७० म्हणजे ११७०, पुरुष असो की बाई. घरातल्या पाच जणांत पूर्ण तिकीट लागणारा माणूस एकच निघाला, आमचे हे. सगळ्यांची तिकिटे काढली तर सुमारे १६२५ रुपये. अम्मींना सोडून चौघांचे पास काढले तर ४०९५.

कागद ह्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "तुमची तिकिटे काढू. माझा पास काढतो." मी म्हटले, तुमचाही वसूल होत नाही, ४४० च्या जागी ८०० लागतात. त्यावर त्यांनी दुसरा कागद घेतला. तिसऱ्या दिवशी आलापल्लीहून भामरागड जाऊन परत, सुमारे १३०. चौथ्या दिवशी आलापल्ली, गडचिरोली, नागपूर, चंद्रपूर, सुमारे ४३०. बेरीज आठशे ऐंशी! चौथ्या दिवशी दहा-बारा तास गाडीत बसून काय पाहायचे, हे विचारायचे मी टाळले. दोन फोटो आणि ओळखपत्राची प्रत घेऊन ते स्टँडवर गेले आणि पास घेऊन आले. प्रवासाच्या दहा दिवस आधीपासून तो काढता येतो. मागच्या अटी मुलीने मोठ्याने वाचून दाखवल्या. हरवल्यास दुसरा मिळणार नाही. दुसऱ्याला वापरता येणार नाही. जागेची हमी नाही.

ही शेवटची अट आम्हाला आलापल्लीला भेटली.

सकाळची गाडी वेळेवर सुटली. बल्लारपूरच्या पुढे सागाची झाडे दिसू लागली तशा अम्मी खिडकीला सरकल्या. आष्टीजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपतो आणि गडचिरोली लागतो. १९८२ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. अम्मी अजूनही सिरोंचाला चांदा जिल्ह्यातच धरतात. आष्टीपासून पुढचा रस्ता म्हणजे सुरजागडचे लोहखनिज वाहणारे ट्रक, एकामागून एक. लाल धूळ झाडांच्या पानांवर आणि आमच्या डोक्यांवर सारखीच बसत होती. आलापल्लीला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. सिरोंचाची गाडी आली ती दारापर्यंत भरून. पास असो की तिकीट, उभे राहायलाही जागा नव्हती. अम्मींना शंभर किलोमीटर उभे कसे नेणार? पुढची गाडी उशिराची, आणि ती रात्री पोचणार. एका ओळखीच्या कुटुंबाने आग्रहाने ठेवून घेतले, जेवू घातले. जुहर-असरच्या नमाजा तिथेच झाल्या. ह्यांना मात्र चैन नव्हते. पासचा दिवस रात्री बाराला संपतो आणि त्यांच्या हिशोबातले शंभर किलोमीटर पहिल्याच दिवशी बुडाले होते.

इथे मला एक गोष्ट कळली, ती कागदावर दिसत नव्हती. पास दिवस मोजतो. पुणे-नाशिकच्या रस्त्यावर अर्ध्या तासाला गाडी असते, एक चुकली तर दुसरी पकडा. तिथे चार दिवस म्हणजे खरेच चार दिवस. आपल्या जंगलाच्या मुलखात एक गाडी चुकली की अर्धा दिवस जातो, संध्याकाळ झाली की दुसऱ्या सकाळपर्यंत वाट पाहायची. इथल्या खेड्यांत वस्तीची गाडी रात्री मुक्कामाला येते आणि पहाटे निघते, तिच्याच घड्याळावर गाव चालते. आवडेल तेथे जाण्याची परवानगी खिशात आहे, पण गाडीच्या मर्जीने. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणाल तर तेव्हा एका वडसा स्टेशनापुरती. बाकी सगळा भार एसटीवर, आणि जिथे एसटी नाही तिथे काळी-पिवळी जीपवर. तिच्यात पास चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत जागा मिळाली. रस्ता इतका खराब की गाडी चालते की पोहते असे वाटावे. पण जंगल! मुलगा माकडे मोजून थकला. सिरोंचाजवळ पाट्यांवर मराठीबरोबर तेलुगू अक्षरे दिसू लागली. पलीकडे तेलंगण, मध्ये नदी. वर्धा आणि वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता इथे गोदावरीला मिळते. इंग्रजांच्या काळात काही वर्षे सिरोंचा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होते, हे आज त्या शांत गावाकडे पाहून खरे वाटत नाही. जवळच मेडीगड्डाचा बॅरेज आहे. त्याचे काही खांब दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरात, खचले होते. चहाच्या टपरीवर त्याचीच चर्चा चालू होती.

अम्मींना त्यांचे घर सापडले नाही. त्या जागी एक पक्के दुकान उभे आहे. त्या बराच वेळ समोर उभ्या राहिल्या, काही बोलल्या नाहीत. मग दुकानाच्या बाजूच्या गल्लीत शिरल्या आणि एका ओट्यावर बसलेल्या वृद्ध बाईला काहीतरी विचारले. तेलुगूत! आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली होती आणि अम्मींना तेलुगू येते हे मला ठाऊक नव्हते. ह्यांनाही नव्हते, आणि हे त्यांचे सख्खे चिरंजीव! अम्मी अडखळत होत्या, मध्येच उर्दू घालत होत्या. त्या बाईने हाताने रस्ता दाखवला. दोन गल्ल्या पलीकडे अम्मींची बालमैत्रीण हयात होती.

त्या भेटीबद्दल मी जास्त लिहिणार नाही. एकोणसाठ वर्षांनी दोघी भेटल्या. आधी एकमेकींना ओळखले नाही, मग लहानपणीच्या कुठल्यातरी हाकेने ओळखले. दोघींचा हात संध्याकाळपर्यंत सुटला नाही.

रात्री लॉजवर ह्यांनी वेळापत्रक काढले. सकाळी सातची गाडी घेतली तर भामरागड अजूनही जमेल. अम्मी पलंगावर बसून पान लावत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "उद्या ती माझ्यासाठी जेवण करणार आहे." खोलीत शांतता. मुलगी माझ्याकडे पाहत होती, मी ह्यांच्याकडे. ह्यांनी पास पाकिटातून काढला, पाहिला, परत ठेवला. "ठीक आहे," म्हणाले, "उद्या इथेच."

तिसरा दिवस पासवर शून्य किलोमीटरचा. अम्मी मैत्रिणीकडे, आणि आम्ही मुलांना घेऊन वडधमच्या जीवाश्म उद्यानाकडे. आधी बससाठी दोन तास थांबलो, मग ऑटो केला. दगड झालेली झाडाची खोडे पाहून मुलगा चकित झाला. खोडावरची वलये दगडात तशीच राहिली आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे झाड हाताने चाचपून पाहता येते, हे पुस्तकात शिकवणे आणि समोर दाखवणे यात फार अंतर आहे. ऑटोवाल्याने भाव मात्र पाहुण्यांचा लावला.

चौथ्या दिवशी सरळ घरी. ह्यांनी पास दाखवला, मी तीन अर्धी तिकिटे घेतली, अम्मींनी आधार कार्ड पुढे केले. अम्मींनी ती शून्याची तिकिटे सगळी रुमालात बांधून ठेवली आहेत. त्यांना वाटते हिशोब लागेल. नागपूर आणि भामरागड राहिलेच. पासवर ह्यांचा प्रवास झाला ४४० किलोमीटर, म्हणजे साडेसहाशे रुपयांचा. सव्वापाचशे रुपये पाण्यात गेले. पण पास वसूल करायचाच म्हणून निघालो असतो, तर त्या दुपारचे जेवण राहून गेले असते, आणि त्याची किंमत मला कोणत्याही टप्प्याच्या दराने काढता येत नाही.

वाचक विचारतील, मग पास घ्यावा की नाही? घरातली पूर्ण तिकिटे आधी मोजा, महिला आणि ज्येष्ठांना वेगळे काढा. मग खिडकीवर पासचा आजचा दर आणि टप्प्याचा आजचा दर विचारा, कारण जानेवारी २०२५ मध्ये भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले आणि पासचे दरही बदलले. पहिल्याला दुसऱ्याने भागून सहाने गुणले की किलोमीटर येतात. तेवढे तुम्ही खरेच फिरणार असाल, आणि गाड्या भरपूर असलेल्या भागात फिरणार असाल, तर जरूर घ्या. ताडोबा पाहण्यासाठी घेत असाल तर गेटपर्यंतच उपयोग. आत सफारीच्या गाडीचे पैसे वेगळे, आणि मंगळवारी ते बंदच. चंद्रपूर शहरासाठी घेऊ नका. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा हे गोंडराजांचे दरवाजे आणि परकोटाची भिंत पाहायला पाय पुरतात.

हेच गणित मी नंतर वर्गात घातले. एका मुलीने हात वर केला. ती रोज दहा किलोमीटरवरून मानव विकासच्या निळ्या बसने येते, शाळेचा मोफत पास तिच्या दप्तरात असतो. तिने विचारले, "टीचर, माझ्या पासवर सिरोंचा जाता येईल का?" नाही म्हणताना मला जड गेले. तिचा पास घर ते शाळा, एवढाच.

आता नात्यातल्या एका लग्नासाठी कोल्हापूरला जायचे आहे. मुलगा तेराचा झाला, म्हणजे पूर्ण तिकिटे दोन, आणि अंतर एका बाजूनेच आठशेच्या वर. कागद मी आधीच करून ठेवला आहे. या वेळी हिशोब ह्यांच्या बाजूने आहे. काल रात्रीपासून ते पासपोर्ट साइजचे दोन फोटो शोधत आहेत.