ज्याची त्याची जीभ

एकाच चुलीवरचे अन्न खाऊन वाढलेल्या सख्ख्या भावंडांच्याही आवडी वेगळ्या असतात. कोणी कोबीची भाजी मागून घेतो, कोणी ताट बाजूला सारतो. आपण त्यास नखरे म्हणून मोकळे होतो. हा निवाडा घाईचा आहे, असे निवृत्तीनंतरच्या वाचनातून माझे मत झाले आहे.

१९३१ च्या सुमारास अमेरिकेत आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एका रसायनाची भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्यास ती अतिशय कडू लागली. फॉक्स यांना मात्र काहीच चव लागेना. हा भेद आनुवंशिक असल्याचे पुढे दिसून आले आणि २००३ मध्ये त्यामागचे प्रमुख जनुकही सापडले. कोबी, मोहरी यांतील कडवटपणा कोणास किती जाणवतो, याचा संबंध याच जनुकाशी आहे.

आमच्या सूनबाईला कोथिंबीर सोसत नाही. वास साबणासारखा येतो, असे ती म्हणते. पोह्यांपासून आमटीपर्यंत सर्वत्र कोथिंबीर पेरणाऱ्या आमच्या घरात नातलगांनी तिची थट्टा केली. ‘माहेरी लाडावलेली’ असा शेराही मारला. वस्तुतः कोथिंबिरीतील ॲल्डिहाइड वर्गातील द्रव्ये साबणातही असतात, आणि काहींचे नाक जन्मतःच त्यांबाबत अधिक तीक्ष्ण असते. नाकाकडून निघालेला संदेश मेंदूतील भावना व स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोहोचतो. म्हणून किळस आधी येते, विचार मागाहून. अशा माणसाची वाटी कोथिंबीर घालण्यापूर्वी वेगळी काढून ठेवावी, हे उत्तम.

मात्र जनुके हे केवळ मुद्दल. व्यवहार पुढे आयुष्यभर चालतो. आईच्या आहारातील स्वाद गर्भजलातून व दुधातून बाळापर्यंत जातात. नावडती भाजी लहान मुलास दडपण न आणता, घासभर, आठ-दहा वेळा दिली, तर पुष्कळदा ती आवडू लागते. सक्तीने नावड अधिकच घट्ट होते.

सहा बाह्य तपांतील रसपरित्यागाकडेही मी आता याच दृष्टीने पाहतो. ज्यास मुळातच गोडाची ओढ नाही, त्याने पेढा सोडला तर त्यात त्याग किती? आणि ज्याचा मेंदू गोडाच्या पहिल्या घासालाच सुखावतो, त्याने तोच पेढा एक दिवस दूर ठेवला, तर त्याचे मोल केवढे! वहीत दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. दुसऱ्याच्या जिभेचा हिशेब आपल्याला ठाऊक नसतो. तो आपण मांडूही नये.