एक्स्क्यूज पीटी

गेल्या वर्षी आंतर-हाऊस हॉकीच्या सामन्यात माझं डोकं एका कॅडेटच्या खांद्यावर आपटलं. शुद्ध गेली नाही. उठलो आणि खेळत राहिलो. आम्ही जिंकलो म्हणे. मला ते आठवत नाही.

रात्री मेसमध्ये डाळीच्या वासानं मळमळलं, ट्यूबलाइट डोळ्यांत खुपू लागली. एमआय रूममधून मला शहरातल्या रुग्णालयात नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल! मी खूश. पण डॉक्टरसाहेब म्हणाले, "स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. कन्कशन दिसत नाही. मेंदूला हादरा बसलाय, त्याला वेळ द्यावा लागेल." एक-दोन दिवस आराम, मग थोडा थोडा अभ्यास आणि खेळ सगळ्यात शेवटी.

त्याच आठवड्यात आमच्या डॉर्ममधल्या एकाचं मनगट मोडलं. त्याच्या प्लास्टरवर सगळ्यांनी सह्या केल्या, त्याचं ताट उचलायला तिघं पुढे. मी मात्र चालत होतो, जेवत होतो. "अबे, बढ़िया बहाना है," एवढंच कानावर यायचं. प्रेपमध्ये एकच परिच्छेद तीनदा वाचायचो. रात्री झोप नाही. परेडच्या वेळी व्हरांड्यात बसलो की बँडचा ढोल थेट डोक्यात वाजायचा. एकदा तर बादलीवरून जिवलग मित्रावर इतका ओरडलो, की तो दोन दिवस बोलला नाही.

सहाव्या दिवशी मी खोटं बोललो. "ठीक आहे, सर," म्हणून पीटीला गेलो आणि दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली. चूक माझीच.

रविवारच्या फोनवर आईनं डोक्याचं विचारलंच नाही. म्हणाली, "आज एकही विनोद सांगितला नाहीस रे." मग मला सगळं सांगावंच लागलं. तिनं हाऊसमास्तरांना फोन केला. सरांनी माझा पलंग ट्यूबलाइटपासून हलवला, प्रेप वीस-वीस मिनिटांचा केला आणि डॉर्मला एकदा नीट समजावलं. त्या संध्याकाळी मित्र येऊन पलंगावर बसला. बादलीचा विषय कोणीच काढला नाही.

मग आधी चालणं, नंतर हलकी धाव, एकट्यानं स्टिकवर्क. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, त्रास वाढला की थांबायचं. चौथ्या आठवड्यात डॉक्टरसाहेबांनी संघाबरोबर खेळायची परवानगी दिली. गणिताच्या चाचणीत ५२ मिळाले, एरवी ८०च्या खाली येत नाही. ते मनाला लागलं, खोटं कशाला बोलू.

यंदा फुटबॉलच्या मैदानावर सातवीतला एक ज्युनियर गोलपोस्टवर आपटला. लगेच उठला. "मी ठीक आहे, भैया."

"स्कोअर काय झालाय?"

त्यानं परवाच्या सामन्याचा सांगितला. मी सरांना हाक मारली आणि दोघं त्याला धरून एमआय रूमकडे निघालो.